गुंतवळ, वस्तरा आणि जट



दुपारची भांडी घासून जरा टेकावं, तोच गल्लीतून आरोळी येते, "केसांवर भांडीऽऽ!" मग आपण फळीवरची पिशवी शोधतो. रोज विंचरताना निघालेलं गुंतवळ त्यात महिनोन्‌महिने साठवलेलं असतं. भांडीवाला ते काट्यावर तोलतो, थोडी घासाघीस होते आणि एखादी वाटी किंवा डाव आपल्या हातात पडतो. त्या वाटीत आपण डाळ वाढतो आणि केस विसरून जातो.

आज आम्ही त्या गुंतवळाबद्दलच बोलणार आहोत. बी.ए.ला आमचा विषय इतिहास होता. राजे, लढाया, तह पाठ केले. पण बाईच्या केसांनाही इतिहास असतो, हे तिथं कुणी सांगितलं नाही. ते कळलं बचत गटाच्या कामात, गावोगावच्या बैठकांना बसल्यावर. तो इतिहास समजायला आधी केस म्हणजे काय आणि तो वाढतो कसा, हे समजून घ्यावं लागतं. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

कंगव्यात अडकलेला एक केस घ्या आणि उजेडात धरा. एका टोकाला बारीक पांढरा ठिपका दिसेल. पुष्कळ जणींना वाटतं, झालं, केस मुळासकट गेला, आता तिथं टक्कल. तसं नसतं. केस जिथून उगवतो ती जागा कातडीच्या आत असते आणि ती तिथंच राहते. तिला केशकूप म्हणतात. कूप म्हणजे विहीर. नाव अगदी बरोबर आहे. डोक्याच्या कातडीत अशा सुमारे एक लाख बारीक विहिरी असतात. त्या आईच्या पोटातच तयार होतात, जन्मानंतर नवीन होत नाहीत.

या विहिरीच्या तळाशी जिवंत पेशी असतात. त्यांना रक्तातून अन्न मिळतं. तिथं एका पेशीच्या दोन होतात, नव्या पेशी जुन्यांना वर ढकलतात. वर सरकताना त्यांच्यात केराटिन नावाचं टणक प्रथिन भरत जातं आणि त्या मरतात. आपली नखं, बैलाची शिंगं, शेळीचे खूर, मेंढीची लोकर, सगळं याच जातीच्या प्रथिनाचं. म्हणजे डोक्यावर जो केस आपल्याला दिसतो तो मेलेला असतो. म्हणून कापताना दुखत नाही. ओढला की दुखतं, कारण मुळाभोवती नसा असतात. विहीर जिवंत, वर आलेला केस निर्जीव, हे मनात पक्कं धरून ठेवा. पुढची सगळी गोष्ट यावरच उभी आहे.

केसाची बांधणीही बघण्यासारखी आहे. सगळ्यात बाहेर खवले असतात. घरावरची कौलं एकावर एक बसवतात, तसे ते मुळाकडून टोकाकडे बसवलेले असतात. एक केस चिमटीत धरून मुळाकडून टोकाकडे बोट फिरवा, गुळगुळीत लागेल. उलट फिरवा, जरा खरखरीत लागेल. ते खवले बोटाला अडतात. खवल्यांच्या आत काथ्याच्या दोरीसारखे धाग्यांचे पीळ असतात. केसाची ताकद त्या पिळांत आणि काळा रंगही तिथंच. जाड केसाच्या अगदी मधोमध कधी कधी भुसभुशीत गाभा असतो.

आता वाढीचं. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. पण प्रत्येक केसाला मुदत असते. दोन ते सहा वर्षं तो वाढतो. मग दोन-तीन आठवड्यांत मूळ आखडतं, तीनेक महिने केस नुसताच बसून राहतो आणि गळून पडतो. त्याच विहिरीतून पुढे नवा केस येतो. सगळ्या केसांची पाळी एकदम येत नाही. दहातले जवळजवळ नऊ वाढत असतात, बाकीचे विसाव्याला. म्हणून रोज 50 ते 100 केस गळणं हे चांगल्या तब्येतीचंच लक्षण आहे. कुणाची वेणी गुडघ्याला लागते आणि कुणाची खांद्याखाली उतरत नाही, ते या मुदतीमुळे. तेलानं केस मऊ राहतो, कमी तुटतो. मुदत मात्र वाढत नाही.

बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी मूठमूठ केस जातात, तेव्हा नवी आई घाबरते. मोठ्या तापानंतरही तसंच होतं. एकाच वेळी खूप केस विसाव्याला गेलेले असतात, म्हणून ते एकदम गळतात आणि बहुतेक वेळा पुन्हा येतात. तरी केस फार जात असतील, धाप लागत असेल, थकवा असेल, तर उपकेंद्रात जाऊन रक्त तपासून घ्या. रक्तातलं लोह कमी झालं की त्याचा फटका केसांच्या विहिरीलाही बसतो.

आता इतिहासाकडे वळू. बाईच्या केसांवर समाजानं दोन उलटे हुकूम सोडले. एकीला सांगितलं, केस ठेवायचे नाहीत. दुसरीला सांगितलं, केस कापायचे नाहीत.

पहिला हुकूम केशवपनाचा. महाराष्ट्रात मुख्यतः ब्राह्मण आणि काही उच्च म्हणवणाऱ्या जातींत नवरा वारला की बाईचं डोकं भादरायचे. बाई म्हणजे कितीदा आठ-दहा वर्षांची पोर. विधवेच्या वेणीनं नवरा परलोकात बांधला जातो, असं पोथ्यांच्या आधारे सांगितलं जाई. खरं कारण उघड होतं. तिनं नीटनेटकं दिसू नये, पुन्हा लग्नाचा विचार करू नये, घरात खालमानेनं राबावं. 1856 साली विधवेच्या पुनर्विवाहाला कायद्यानं मान्यता मिळाली. पण वस्तरा काही थांबला नाही.

आणि इथंच केसांचं शास्त्र उपयोगी पडतं. केस एकदा काढून संपत नाहीत. विहीर जिवंत असते. पंडिता रमाबाईंनी 1887 साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी सांगितलंय, की दख्खनच्या ब्राह्मणांत विधवेचं डोकं दर पंधरवड्याला भादरलं जाई. आता हिशोब करा. पंधरा दिवसांत केस वाढतो अर्धा सेंटीमीटर, म्हणजे साधारण ज्वारीच्या दाण्याएवढा. तेवढाही वर येऊ द्यायचा नाही. दहाव्या वर्षी विधवा झालेली पोर साठ वर्षांची होईपर्यंत जगली, तर पन्नास वर्षं, दर वर्षी चोवीस वेळा, म्हणजे बाराशे वेळा तिनं वस्तऱ्यापुढे मान वाकवायची. आम्ही हा हिशोब बैठकीत मांडला तेव्हा बायका गप्प झाल्या. एक आजी तेवढ्या म्हणाल्या, "केस हारला न्हाई की गं, बाराशे वेळा पुन्हा आला."

पण हा हुकूम चालायला एक माणूस लागे. घरच्या कुणाच्या हाताला वस्तरा नव्हता. तो होता न्हाव्याच्या हातात. जोतीराव फुल्यांनी हे बरोबर ओळखलं. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1863 साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. घरातल्याच पुरुषांनी फसवलेल्या, पोट वाढलेल्या विधवा तिथं येऊन गुपचूप बाळंत होऊ शकत. डोकं भादरून बाईची अब्रू राखली जाते, हे किती खोटं आहे, ते या दोघांनी जवळून पाहिलं होतं. पुढे 1884 साली बेहरामजी मलबारींनी बालविवाह आणि सक्तीचं वैधव्य यांवर टिपणं काढली. त्यावर मत देताना जोतीरावांनी सुचवलं, की कोणत्याही न्हाव्याला विधवेचं वपन करू देऊ नये.

हा विचार त्यांच्या एका कार्यकर्त्यानं उचलला. नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक. 'दीनबंधू' वर्तमानपत्र चालवायचे, मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केलेली. 1890 साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, ती त्यांच्या लढ्यामुळे. त्याच वर्षी त्यांच्या पुढाकारानं मुंबईत न्हावी समाजाची सभा भरली आणि विधवांचं डोकं भादरायचं नाही असं तिथं ठरलं. न्हाव्यांचा संप म्हणून तो आजही सांगितला जातो.

मैत्रिणींनो, याचं मोल समजून घ्या. या माणसांचं पोट हातावरचं. ज्यांच्या घरी वस्तरा न्यायचा नाही असं ठरलं, ती घरं पैशानं आणि जातीनं वरची. ज्या बायांसाठी ठरवलं त्या त्यांच्या जातीच्या नव्हत्या, नात्याच्या नव्हत्या. तरी ते म्हणाले, हे पाप आमच्या हातून नको. प्रथा एका संपानं मेली नाही, पुढच्या शतकातही चालू राहिली. पण हुकूम देणारा आणि हुकूम पाळणारा यांच्यात तिसरा एक हात असतो आणि तो हात 'नाही' म्हणू शकतो, हे तेव्हा दिसलं. ज्या वर्षी न्हाव्यांची सभा झाली, त्याच सुमारास हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी छापून येऊ लागली. तिच्यातल्या यमुनेवर शेवटी हीच जबरदस्ती होते. शिकल्या-सवरल्या घरांत ती कादंबरी वाचली गेली.

आणि मग ज्यांच्या डोक्यावर वस्तरा फिरला त्या बायाच बोलू लागल्या. पार्वतीबाई आठवले या कोकणातल्या, महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई यांच्या धाकट्या बहीण. तरुणपणी विधवा झाल्या, वपन झालं. पुढे त्या शिकल्या, हिंगण्याच्या आश्रमासाठी निधी मागत गावोगाव हिंडल्या. वपन केलेल्या बाईचं बोलणं जुन्या वळणाचे लोक ऐकून घेतात, म्हणून बरीच वर्षं त्या तशाच राहिल्या. मग एके काळी त्यांनी विचार करून ठरवलं, की हे पटत नाही ते आता करायचं नाही. त्यांनी केस वाढू दिले. लोकांनी नावं ठेवली. त्या डगमगल्या नाहीत. पुढे अमेरिकेलाही गेल्या, तिथं परक्या घरी घरकाम करून राहिल्या, संस्थेसाठी पैसे जमवले. 1928 साली त्यांची 'माझी कहाणी' छापून आली.

योगायोग असा, की त्याच 1928 साली अमेरिकेतल्या मिल्ड्रेड ट्रॉटर नावाच्या शरीरशास्त्राच्या अभ्यासक बाईंनी वस्तरा आणि केसांची वाढ यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. भादरल्यानं केस दाट येत नाही, जाड येत नाही, लवकरही येत नाही, असं त्यांना दिसलं. कापलेलं टोक बोथट असतं, म्हणून फक्त टोचतं. वस्तरा मुळापर्यंत पोहोचतच नाही. आपल्याकडे अजून लेकराचं जावळ दाट केसांसाठी पुन्हा पुन्हा काढतात. विधी म्हणून एकदा काढा, पण दाट केसांच्या आशेनं तान्ह्याच्या डोक्यावर वस्तरा फिरवत राहू नका.

आता दुसरा हुकूम. केस कापायचा नाही. म्हणजे जट.

सुरुवातीचं गुंतवळ आठवा. रोज 50 ते 100 केस गळतात. आपण विंचरतो म्हणून ते कंगव्यात येतात. नाही विंचरलं तर ते डोक्यावरच इतर केसांत अडकून राहतात. खवले एकमेकांत गुंततात. त्यात घाम, धूळ, तेल, भंडारा. लोकर ओली करून चोळली की तिचा घट्ट गोळा होतो, तसाच हा गोळा होतो. मग कुणी सांगतं, देवी आली, आता हात लावू नका. विंचरणं कायमचं थांबतं आणि जट वाढत जाते. म्हणजे जट हे आपलंच गुंतवळ, फक्त पिशवीत न जाता डोक्यावर राहिलेलं.

आमच्या भागात जट आली की यल्लमाचं नाव निघतं. कितीतरी पोरींना जटेपायी देवीला सोडलं गेलं आणि पुढचं त्यांचं आयुष्य काय झालं, ते इथं बसलेल्या थोरल्या बायांना सांगायला नको. देवदासींच्या संरक्षणाचा कायदा मुंबई इलाख्यात 1934 साली आला, नंतर महाराष्ट्रानं 2005 साली प्रथा बंदीचा नवा कायदा केला. पोरी सोडणं कमी झालं, पण जटेची भीती कायद्यानं जात नाही.

आणि ही भीती आपल्याच मातीतली आहे असंही नाही. दूर युरोपात, पोलंड देशात शेकडो वर्षं लोकांच्या डोक्यावर अशाच जटा असत. तिकडे यल्लमा नव्हती. त्यांची समजूत अशी, की अंगातला आजार जटेवाटे बाहेर पडतो आणि जट कापली तर माणूस आंधळा होतो, वेडा होतो, मरतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर क्राको शहरातल्या युझेफ डिटल नावाच्या डॉक्टरांनी अभ्यास करून सांगितलं, की हा वेगळा आजार नाही. केस न विंचरल्यानं, न धुतल्यानं होतो. त्यांनी जटा कापायची मोहीम चालवली. लोक आंधळे झाले नाहीत. पुढे हे डॉक्टर त्या शहराचे नगराध्यक्षही झाले. देश वेगळा, धर्म वेगळा, देव वेगळा, पण जट तशीच आणि भीतीही तशीच. आपल्याकडे हे काम महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव केलं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्य अशा कामाला दिलं. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाला. काम थांबलं नाही.

आता आमच्याच चुकीची गोष्ट सांगतो. आमच्या एका गटात एक मावशी आहेत. बारा-तेरा वर्षं डोक्यावर जट. पदराखाली झाकलेली, मनगटाएवढी जाड. मान कायम एका बाजूला. कुशीवर झोपता यायचं नाही. उवांनी जीव हैराण. एका बैठकीत आम्ही मोठ्या शहाणपणानं सगळ्यांसमोर म्हणालो, "मावशी, हा नुसता मळ आहे, कापून टाका." मावशी काही बोलल्या नाहीत. पुढचे दोन महिने त्या बैठकीला आल्या नाहीत, बचतीचे पैसे नातवाच्या हाती पाठवले. तेव्हा कळलं, की आपण त्यांच्या केसांबद्दल नव्हे, देवीबद्दल आणि त्यांच्या बारा वर्षांच्या सोसण्याबद्दल बोललो होतो.

मग आम्ही त्यांच्या घरी गेलो. जटेचा विषयच काढला नाही. चहा घेतला, चुकलं म्हणालो. दोन-चार फेऱ्यांनंतर त्यांनीच विचारलं, "मग ही जट व्हतीच कशी?" त्या दिवशी आम्ही आमचं गुंतवळ पिशवीतून काढलं, पाण्याचे चार थेंब टाकले, तळहातावर चोळलं. थोड्या वेळात घट्ट गोळी झाली. मावशींनी ती हातात घेतली, पदराखाली हात घालून स्वतःच्या जटेला लावून बघितली. बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "देवीला इचारून सांगते."

त्यांनी देवीची ओटी भरली आणि पुढच्या मंगळवारी स्वतःहून बोलावलं. गटातल्या पाच जणी होत्या. ज्या सुनेला त्या घाबरत होत्या, तिनंच कात्री धरली. जट खाली पडली तेव्हा मावशींनी मान उजवीकडे फिरवली, डावीकडे फिरवली आणि रडल्या. त्याच आठवड्यात त्यांची म्हैस आटली. गल्लीत लगेच कुजबूज, बघा, देवी कोपली. मावशीच म्हणाल्या, "गाभण हाय ती. आटणारच की. तिलाबी काय जट व्हती का?"

महिन्याभरानं त्या बैठकीला आल्या तेव्हा आम्ही बोट लावून बघितलं. सेंटीमीटरभर नवे केस. विहीर जिवंतच होती.

मैत्रिणींनो, हा इतिहास इथं संपत नाही. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायचं आवाहन केलं. वस्तरा गेला, पण बांगडी फोडणारा दगड अजून गावोगाव आहे. आणि तो दगड बहुतेक वेळा बाईच्याच हातात असतो. मुंबईच्या न्हाव्यांनी 1890 साली जे म्हटलं, ते आपल्यालाही म्हणता येतं. हे माझ्या हातून होणार नाही.

तेव्हा दोन गोष्टी करा. पुढच्या बैठकीत आपल्या गावात हेरवाडसारखा ठराव झालाय का, विचारा. नसेल झाला तर ग्रामसभेत मांडा, सगळ्या जणी मिळून जा. आणि तुमच्या गटात कुणाच्या डोक्यावर जट असेल, तर आमच्यासारखी चूक करू नका. चारचौघांत बोलू नका, जबरदस्ती करू नका. तिच्या घरी जा, शेजारी बसा. पिशवीत थोडं गुंतवळ असू द्या. ती विचारील तेव्हा दाखवायला.